चाच्यांचे जहाज आणि ऐतिहासिक वास्तवाची कसोटी

१

कॅरिबियन समुद्रातील चाच्यांवर लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांची चर्चा निघाली की ती बहुधा एका ठरावीक वळणावर येऊन थांबते. कैद्याला फळीवरून समुद्रात चालत जायला लावण्याची प्रथा खरोखर होती काय? लुटीचे सोने निर्जन बेटावर पुरून चाचे त्याचा नकाशा काढून ठेवीत काय? खांद्यावरचा पोपट आणि लाकडी पाय ही चाच्यांची सर्रास ओळख होती काय? असे प्रश्न विचारले जातात, इतिहासाचे जाणकार त्यांना बहुतांशी नकारार्थी उत्तरे देतात, आणि 'ही कृती वास्तववादी नाही' असा निर्णय होऊन चर्चा संपते. याउलट एखाद्या लेखकाने शिडांची नावे, दोरांच्या गाठी, तोफांचे वजन आणि वाऱ्यांचे ऋतू बिनचूक दिले असतील, तर लेखकाने सागरी जीवनाचा सखोल अभ्यास केला असल्याचे प्रशस्तिपत्र त्याला मिळते.

वरवर परस्परविरोधी वाटणारे हे दोन्ही निर्णय वस्तुतः एकाच गृहीतकावर उभे आहेत. ऐतिहासिक वास्तव म्हणजे अचूक तपशिलांची बेरीज, हे ते गृहीतक होय. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीची जी समीक्षा झाली, तीही बऱ्याच प्रमाणात याच गृहीतकाभोवती फिरत राहिली आहे. १८७१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून आजपर्यंत लेखकाचे इतिहासाशी इमान कितपत आहे, हा प्रश्न आपण वारंवार विचारला. इमान नेमके कशाशी, हा प्रश्न मात्र तितक्या आग्रहाने विचारला नाही.

कॅरिबियन चाच्यांच्या साहित्याचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरतो. तपशिलांच्या अचूकतेची कसोटी कोठे अपुरी पडते, हे येथे विशेष स्पष्टपणे दिसते. प्रस्तुत लेखकाचे मत थोडक्यात असे आहे : चाच्यांच्या कथेतील ऐतिहासिक वास्तव तिच्यातील वस्तूंवरून ठरत नाही, जहाजावरील श्रम, त्या श्रमांचा मोबदला आणि ज्यांच्या वाट्याला मोबदलाच नव्हता अशी माणसे यांच्यातील संबंध ती कथा कितपत दाखवते, यावरून ते ठरते. या कसोटीला लावल्यास पुष्कळशा 'अभ्यासपूर्ण' कादंबऱ्या उणे ठरतात, आणि निव्वळ अद्भुतरम्य समजल्या गेलेल्या काही कृतींत अनपेक्षित ठिकाणी वास्तव सापडते.

२

पहिली अडचण साधनांची आहे. कादंबरी इतिहासाशी ताडून पाहावयाची तर तो इतिहास कोठे आहे? कॅरिबियन चाच्यांविषयीची आपली बहुतेक माहिती दोन ग्रंथांतून झिरपत आलेली आहे. पहिला ग्रंथ अलेक्झांडर एक्स्केमेलिन याचा. तो १६६६ मध्ये फ्रेंच वेस्ट इंडिया कंपनीचा करारबद्ध नोकर म्हणून तोर्तुगा बेटावर आला, पुढे शल्यवैद्य म्हणून चाच्यांच्या मोहिमांत सामील झाला आणि १६७८ मध्ये आम्स्टरडॅम येथे त्याने आपला वृत्तांत डच भाषेत प्रसिद्ध केला. १६८४ मध्ये त्याची इंग्रजी भाषांतरे निघाली, तेव्हा त्या वृत्तांतातील एक नायक हेन्री मॉर्गन हा 'सर' ही पदवी मिळवून जमेकात प्रतिष्ठित जमीनदार म्हणून वावरत होता. त्याने प्रकाशकांवर अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि २०० पौंडांची भरपाई मिळवली. म्हणजे या विषयावरील मूळ साधनग्रंथच प्रकाशित होताच न्यायालयात वादग्रस्त ठरला. त्यात सत्य किती आणि वाचकाला खिळवून ठेवण्याची हिकमत किती, हा प्रश्न तेव्हापासूनच उभा आहे.

दुसरा ग्रंथ 'अ जनरल हिस्टरी ऑफ द पायरेट्स'. तो लंडनमध्ये १७२४ मध्ये निघाला. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव कॅप्टन चार्ल्स जॉन्सन असे आहे. ब्लॅकबिअर्ड, बार्थोलोम्यू रॉबर्ट्स, ॲन बॉनी, मेरी रीड ही आज जगभर परिचित असलेली चरित्रे मुख्यत्वे येथून आली. पण हा जॉन्सन कोण? १९३२ मध्ये जॉन रॉबर्ट मूर या अभ्यासकाने हा ग्रंथ डॅनियल डीफोचा असल्याचे प्रतिपादन केले आणि ग्रंथालयांच्या सूच्यांतही डीफोचे नाव चढले. १९८८ मध्ये फर्बँक आणि ओवेन्स यांनी त्या मताचा पायाच काढून घेतला. पुढे नॅथॅनिएल मिस्ट या वृत्तपत्र-प्रकाशकाचे नाव सुचवण्यात आले. कर्तृत्वाचा वाद आजही निकालात निघालेला नाही.

लेखक कोणीही असो, त्याच्या लेखनपद्धतीचा नमुना पाहण्यासारखा आहे. जॉन रॅकम आणि त्याचे साथीदार यांच्यावर नोव्हेंबर १७२० मध्ये जमेकात खटला चालला. त्या खटल्याचा वृत्तांत १७२१ मध्ये तेथेच छापला गेला. त्यात ॲन बॉनी आणि मेरी रीड यांच्याविषयी साक्षीदारांची मोजकी विधाने आहेत : त्या प्रसंगी पुरुषी वेष करीत, हत्यारे बाळगीत, लुटीत स्वखुशीने भाग घेत. दोघींनीही आपण गरोदर असल्याचे सांगितल्यामुळे फाशी लांबणीवर पडली, आणि रीड १७२१ मध्ये तुरुंगात मरण पावली. जॉन्सनच्या ग्रंथात मात्र या दोघींची जन्मापासूनची कहाणी येते. लहानपणी मुलगा म्हणून वाढवले जाणे, सैन्यातील नोकरी, जहाजावर एकमेकींचे स्त्रीत्व उघड होण्याचा प्रसंग असे सारे त्यात आहे. न्यायालयीन कागदात जे नाही ते येथे कथेच्या रीतीने भरून काढलेले आहे. १७२८ मध्ये निघालेल्या दुसऱ्या भागात तर मिसन नावाचा एक फ्रेंच कप्तान येतो, मादागास्करवर 'लिबर्टालिया' नावाचे समतेचे राज्य वसवतो आणि पकडलेल्या गुलामांना मुक्त करताना गुलामगिरीविरुद्ध भाषणही करतो. हा मिसन काल्पनिक आहे, असे आज अभ्यासक मानतात. पण कित्येक वर्षे तो इतिहासाच्या पुस्तकांतून खराखुरा मनुष्य म्हणून वावरला.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. आयन वॉट यांनी १९५७ मध्ये 'द राइज ऑफ द नॉव्हेल' या ग्रंथात इंग्रजी कादंबरीच्या उदयाची मीमांसा करताना असे दाखवले की, विशिष्ट स्थळी, विशिष्ट काळी, नाव-आडनाव असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत घटना घडत असल्याचा तपशीलवार भास निर्माण करणे, हे त्या नव्या वाङ्मयप्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण होते. डीफोची 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ ची, आणि चाच्यांचा हा 'इतिहास' १७२४ चा. दोहोंचा वाचकवर्ग एक, पुस्तकबाजार एक आणि खरेपणाचा भास निर्माण करण्याची रीतही एकच. तेव्हा चाच्यांच्या कादंबरीला या 'इतिहासा'शी ताडून पाहणे म्हणजे एका कथनाला त्याच्याच भावंडाची साक्ष काढणे होय. अशा साक्षीतून तपशिलांचा मेळ बसला तरी वास्तवाचा निवाडा होत नाही.

३

याचा अर्थ येथे वास्तव असे काही नाहीच, सारी केवळ कथनेच आहेत, असा घ्यायचा काय? अलीकडे असा निष्कर्ष काढणे सोपे झाले आहे. परंतु तो स्वीकारण्याचे कारण नाही. नौदलाच्या नोंदी, व्यापाऱ्यांचे हिशेब, खटल्यांचे कागद, लुटल्या गेलेल्या जहाजांच्या अधिकाऱ्यांनी दिलेले जबाब आणि समुद्रतळाशी सापडलेली जहाजे यांतून एक चित्र पुरेशा स्पष्टपणे उभे राहते. ते व्यक्तिचरित्रांइतके चित्तवेधक नसेल. पण त्यातील कार्यकारणसंबंध भक्कम आहेत.

स्पेनच्या वारसायुद्धाचा १७१३ मध्ये तह झाला. त्यानंतर ब्रिटिश नौदलातील माणसांची संख्या सुमारे ५० हजारांवरून दोन-तीन वर्षांतच १५ हजारांच्या खाली आली. हजारो कसबी खलाशी बंदरांतून बेकार झाले. व्यापारी जहाजांवर वेतन उतरले, शिस्त कडक झाली आणि शिधा तुटपुंजा राहिला. १७१६ ते १७२६ या दशकात चाचेगिरीला जी भरती आली, तिचे मूळ येथे आहे. मार्कस रेडिकर यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात व्यापारी जहाजाचा विचार मजुरीवर चालणारा कारखाना म्हणून केला, तेव्हा चाचेगिरीचाही अर्थ बदलला. चाचा हा प्रथम कामगार असतो, मग बंडखोर, आणि त्यानंतर गुन्हेगार. त्याच्या करारनाम्यातील कलमेही या क्रमाचीच साक्ष देतात. रॉबर्ट्सच्या जहाजावरील म्हणून जी कलमे जॉन्सनने दिली आहेत, त्यांत प्रत्येकाला मत आहे, अन्नावर सारखा हक्क आहे, आणि कप्तानाला लुटीचे केवळ दोन वाटे आहेत. मूळ कागद चाच्यांनी समुद्रात फेकून दिल्याचे जॉन्सनच सांगतो, त्यामुळे शब्दशः प्रामाण्याचा प्रश्न राहतोच. तथापि इतर जहाजांविषयीच्या माहितीतही वाटणीची अशीच पद्धत आढळत असल्याने तिचा गाभा विश्वसनीय ठरतो.

या जगात सर्वांत मोलाची वस्तू कोणती होती? मे १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्डने चार्ल्सटनच्या बंदराची नाकेबंदी केली, जहाजे अडवली, प्रतिष्ठित नागरिकांना ओलीस धरले. आणि त्यांच्या सुटकेसाठी औषधांची पेटी मागितली. ही मागणी कोणा कादंबरीकाराला सुचली असती असे वाटत नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याने 'ला कॉन्कोर्ड' हे फ्रेंच जहाज पकडले तेव्हा जहाजावरील शल्यवैद्य, सुतार आणि स्वयंपाकी यांना सक्तीने आपल्याबरोबर ठेवून घेतले. जहाजाच्या लाकडी तळाला शंखशिंपले चिकटतात, किडे लाकूड पोखरतात. म्हणून दर काही महिन्यांनी एखाद्या आडबाजूच्या खाडीत जहाज कलंडवून तळ खरवडावा लागे. व्यापाऱ्याला हे काम बंदरात राजरोस करता येई, चाच्याला चोरून करावे लागे. आणि त्या दिवसांत तो पूर्णपणे असहाय असे. सुतार आणि वैद्य हेच त्याचे खरे धन होते.

आता स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'कडे (१८८३) वळून पाहावे. पुरलेला खजिना ही या कादंबरीने रूढ केलेली कल्पना. ती ऐतिहासिकदृष्ट्या चुकीची आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही. ती काय करते हे पाहिले पाहिजे. चाच्यांच्या हाती प्रत्यक्षात साखर, कोको, कापड, नीळ, पीठ, दोरखंड असा माल लागत असे. हा माल पुरून ठेवता येत नाही, तो विकावा लागतो. आणि विकायचा तर घेणारा व्यापारी लागतो, डोळेझाक करणारा अधिकारी लागतो, बंदर लागते. पुरलेले सोने या साऱ्या साखळीतून कथेला सोडवते. त्याला बाजार नको, श्रम नकोत, भागीदार नकोत. फक्त नकाशा हवा.

पण याच कादंबरीत लाँग जॉन सिल्व्हर हे पात्र आहे, आणि त्याचे बोलणे लक्षपूर्वक वाचावे. आपण मिळवलेला पैसा उधळला नाही, तो बँकांतून थोडा थोडा ठेवला, पत्नी धंदा विकून पैसे घेऊन येईल, अशी व्यवस्था तो तरुण खलाश्याला समजावून सांगतो. ज्या शल्यवैद्याने आपला पाय कापला तो कॉर्सो किल्ल्यात फासावर गेला, असेही तो सांगतो. हा संदर्भ थेट रॉबर्ट्सच्या माणसांच्या खटल्याकडे नेतो. म्हातारपणी भीक मागावी लागू नये म्हणून हिशेब ठेवणारा हा अपंग खलाशी खजिन्याच्या नकाशापेक्षा कितीतरी अधिक ऐतिहासिक आहे. पोपट आणि कुबडी यांवर खिळलेल्या समीक्षेच्या नजरेतून तो निसटतो.

४

येथपर्यंतचे विवेचन रेडिकर आणि त्यांच्या मताच्या अभ्यासकांना मान्य व्हावे. परंतु चाच्याचे जहाज म्हणजे समतेचे तरंगते गणराज्य, असे जे चित्र या अभ्यासातून पुढे वाचकप्रिय झाले, त्यापाशी थांबणे भाग आहे. कारण या समुद्रावर मजुरी घेणाऱ्या खलाश्याच्या पायाखाली, तळघरात, आणखी एक माणूस होता.

एक्स्केमेलिनने चाच्यांच्या करारातील नुकसानभरपाईचा तक्ता दिला आहे. तो आधुनिक कामगार विम्याचा पूर्वज म्हणून पुष्कळदा कौतुकाने सांगितला जातो. उजवा हात गेल्यास ६०० स्पॅनिश नाणी, डावा हात किंवा उजवा पाय गेल्यास ५००, डावा पाय गेल्यास ४००, डोळा किंवा बोट गेल्यास १००. हे आकडे उद्धृत करताना त्यांच्या पुढचा पर्याय मात्र अनेकदा गाळला जातो : ६०० नाणी अथवा सहा गुलाम, ५०० नाणी अथवा पाच गुलाम, १०० नाणी अथवा एक गुलाम. चाच्याच्या एका डोळ्याची किंमत एक संपूर्ण मनुष्य. समता आणि गुलामगिरी या दोन निरनिराळ्या प्रकरणांतील गोष्टी नाहीत; त्या एकाच कलमात, एकाच वाक्यात आहेत.

मघाशी उल्लेखिलेले 'ला कॉन्कोर्ड' हे गुलामवाहू जहाज होते. नोव्हेंबर १७१७ मध्ये ते ब्लॅकबिअर्डच्या हाती पडले, त्यापूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघताना त्यावर ५१६ बंदिवान होते. वाटेत ६१ मरण पावले. खलाश्यांपैकीही १६ जण दगावले होते आणि अनेक जण रक्तपितीने व अतिसाराने आजारी होते. चाच्यांनी जहाज घेतले. बंदिवानांपैकी बहुतेकांना फ्रेंचांकडे सोडले आणि त्यांना अखेरीस मार्टिनिक येथे विक्रीसाठी नेण्यात आले. त्याच जहाजाचे नाव बदलून 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' ठेवण्यात आले, आणि १९९६ मध्ये उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ सापडलेल्या त्याच्या अवशेषांचे आज मोठे कुतूहल आहे. चाच्यांच्या सर्वांत प्रसिद्ध जहाजाचा तळ हा गुलामांच्या जहाजाचा तळ होता, ही गोष्ट त्या कुतूहलात सहसा सामील होत नाही.

जानेवारी १७२२ मध्ये रॉबर्ट्सच्या माणसांनी आफ्रिकेतील विदा बंदरात 'पॉर्क्युपाइन' हे जहाज खंडणी न मिळाल्यामुळे जाळले. त्यावर दोन-दोन करून साखळीने जखडलेले ८० बंदिवान होते. साखळ्या सोडवीत बसण्याइतका वेळ नव्हता, असे कारण जॉन्सनने नोंदवले आहे. जळणे किंवा शार्कांच्या तोंडी उडी घेणे एवढाच पर्याय त्या माणसांपुढे होता. पुढच्याच महिन्यात रॉबर्ट्स मारला गेला आणि त्याची जहाजे पकडली गेली. केप कोस्ट किल्ल्यातील खटल्यानंतर ५२ जणांना फाशी झाली. त्या जहाजांवर सापडलेल्या कृष्णवर्णीय माणसांवर मात्र खटलाच चालला नाही. त्यांना गुलाम म्हणून विकण्यात आले. फासावर जाण्यासाठीसुद्धा मनुष्य म्हणून गणना व्हावी लागते. ती त्यांच्या वाट्याला आली नाही.

या पार्श्वभूमीवर राफाएल साबातिनीच्या 'कॅप्टन ब्लड' (१९२२) या कादंबरीचा विचार करावा. १६८५ च्या मॉनमथच्या बंडानंतर बार्बाडोसला पाठवण्यात आलेल्या हेन्री पिटमन या शल्यवैद्याने १६८९ मध्ये आपल्या सुटकेची हकीकत छापली होती. तिचा आधार या कथेला आहे. म्हणजे साधनाच्या बाबतीत कादंबरीची बाजू भक्कम आहे. गोऱ्या कैद्यावर मळ्यात झालेला अन्याय तिने प्रभावीपणे रंगवला आहे. तरीही बार्बाडोसच्या त्याच मळ्यात राबणारे आफ्रिकी स्त्री-पुरुष केवळ पार्श्वभूमी म्हणून उरतात. 'गुलाम' हा शब्द नायकाच्या दुःखासाठी वापरून संपतो. शेवटी नायक जमेकाचा गव्हर्नर होतो आणि वाचक न्याय झाल्याच्या समाधानाने पुस्तक मिटतो. प्रत्यक्षात हेन्री मॉर्गन त्याच बेटाचा उपगव्हर्नर झाला आणि १६८८ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत शंभराहून अधिक गुलाम होते. साबातिनीच्या कादंबरीत चुकीचा तपशील शोधावा लागतो. अभाव मात्र शोधावा लागत नाही.

याच्या शेजारी बॅरी अन्सवर्थ यांची, १९९२ मध्ये बुकर पारितोषिकाची सहमानकरी ठरलेली 'सेक्रेड हंगर' ठेवून पाहावी. ती रूढ अर्थाने चाच्यांची कादंबरी नाही. अठराव्या शतकातील लिव्हरपूलच्या एका गुलामवाहू जहाजाची आणि त्यावरील बंडाची ती कथा आहे. तिच्यातील खलाशी बळजबरीने आणलेले, फटके खाणारे, आजारी आहेत. आणि त्याच खलाश्यांच्या हातून बंदिवानांवर फटके पडतात. जुलमाची ही उतरंड एकाच जहाजावर दाखवल्यामुळे तिच्यातील बंडाला खरी किंमत येते. बंडानंतर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वसलेली वस्तीसुद्धा निर्दोष राहत नाही. जॉन्सनच्या काल्पनिक लिबर्टालियाला ऐतिहासिक जाणिवेने दिलेले उत्तर म्हणून ही कादंबरी वाचता येते.

५

मराठी अभ्यासकाने या दूरच्या समुद्राचा विचार का करावा, असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे एक उत्तर 'चाचा' या शब्दातच आहे. हा शब्द वर्णन करतो की आरोप करतो?

विल्यम किडने ३० जानेवारी १६९८ रोजी मलबार किनाऱ्यालगत 'क्वेदा मर्चंट' हे जहाज पकडले. सुरतेच्या व्यापारात असलेले हे जहाज बंगालहून रेशीम, मलमल, साखर, अफू असा माल घेऊन परतत होते; मालात मोगल दरबारातील सरदाराचाही हिस्सा होता. किडकडे इंग्लंडच्या राजाचा परवाना होता, तोही चाचे पकडण्याचा. त्याने ते जहाज अर्धी पृथ्वी ओलांडून कॅरिबियन समुद्रात नेले आणि हिस्पॅनिओलाजवळ सोडले. १७०१ मध्ये लंडनमध्ये त्याला फाशी झाली. ज्या फ्रेंच परवान्यांवर त्याचा बचाव उभा होता ते खटल्यात पुढे आले नाहीत. विसाव्या शतकात ते सरकारी दफ्तरात सापडले. २००७ मध्ये त्या जहाजाचे अवशेषही डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ ओळखले गेले. परवानाधारक सैनिक आणि चाचा यांतील अंतर एका कागदाचे होते, आणि तो कागद कोणाच्या कपाटात राहावा हे राजकारण ठरवीत होते.

आपल्या किनाऱ्यावर हाच शब्द कान्होजी आंग्रे यांच्यासाठी वापरला गेला. मराठा राज्याचे सरखेल म्हणून ते आपल्या दस्तकाशिवाय जाणाऱ्या जहाजांवर कारवाई करीत; कंपनी सरकारही आपले परवाने असेच लागू करी. पण कंपनीच्या कागदपत्रांत कान्होजी चाचे ठरतात. नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी खांदेरीवर अयशस्वी हल्ला केला. त्याच महिन्यात अटलांटिकच्या पलीकडे ब्लॅकबिअर्ड मारला गेला. एक प्रस्थापित सत्तेचा आरमारप्रमुख, दुसरा कोणत्याही सत्तेला न मानणारा लुटारू. दोघांना एकाच शब्दात बसवणारी भाषा वापरणाऱ्याच्या हितसंबंधांविषयी सांगते. त्यांच्या कृत्यांविषयी तिच्याकडून फारसे कळत नाही. मराठी वाचकाला ही गोष्ट स्वतःच्या इतिहासामुळे सहज समजते. म्हणूनच कॅरिबियन चाच्यांच्या कथा वाचताना तिथल्या 'चाचा' या शब्दालाही तीच शंका विचारण्याचा त्याला विशेष अधिकार आहे. मात्र ही शंका आंग्र्यांच्या गौरवापुरती वापरून सोडून देणे योग्य नव्हे. ती पुढे नेली, तर जहाजाच्या तळघरातील ज्या माणसाला 'माल' असे नाव मिळाले, त्याच्यापर्यंत ती पोचली पाहिजे.

६

एक आक्षेप उरतो. साहसकथेवर समाजशास्त्राचे ओझे लादून तिचा रसभंग करावयाचा काय? स्टीव्हन्सनने मुलांसाठी कथा लिहिली. तिच्याकडे वेतनाच्या नोंदी मागणे अन्यायाचे नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक कृतीने सर्व काही दाखवावे, असा आग्रह धरला तर साहित्याचा अहवाल होईल. परंतु प्रस्तुत मुद्दा लेखकांवर बंधन घालण्याचा नसून समीक्षेच्या निकषांचा आहे. ज्या कृतीला आपण 'ऐतिहासिक वास्तववादी' म्हणून गौरवतो, तिच्याकडून त्या शब्दाची किंमत मागणे हे समीक्षकाचे कर्तव्य होय. जॉर्ज लुकाच यांनी 'द हिस्टॉरिकल नॉव्हेल'मध्ये स्कॉटची थोरवी सांगताना वेषभूषा व वस्तू यांना दुय्यम स्थान दिले आणि सामाजिक शक्तींचा संघर्ष सामान्य पात्रांच्या जीवनात कसा उतरतो याला प्राधान्य दिले. ते तत्त्व आपण वर्गात शिकवतो. प्रबंधात मात्र तपशिलांच्या याद्या करून थांबतो.

या दृष्टीने ऐतिहासिक कृतींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न हाताशी ठेवावेत, असे सुचवावेसे वाटते. या जगात काम कोण करतो, आणि त्याला त्याबद्दल काय मिळते? कथेतील संपत्ती कोठून येते आणि कोणाच्या हातून जाते? आणि कथेला ज्याच्या असण्याची गरज आहे, परंतु ज्याच्या बोलण्याची गरज वाटलेली नाही, असा माणूस कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांच्या साहाय्याने तपासता येतात. तिसऱ्याचे उत्तर कागदपत्रांतही पुष्कळदा नसते. कारण 'पॉर्क्युपाइन'वरील ८० जणांपैकी एकाचेही नाव जॉन्सनच्या वृत्तांतात नाही.

येथे कादंबरीचे खरे काम सुरू होते. ज्याची नोंद झाली नाही त्याला, जे ठाऊक आहे त्याच्याशी विसंगत न होता, मनुष्य म्हणून उभे करणे हे इतिहासलेखनाच्या मर्यादेपलीकडचे आणि वास्तववादी कल्पनाशक्तीच्या आवाक्यातले काम आहे. कॅरिबियन कवी डेरेक वॉलकॉट यांनी आपल्या एका कवितेला 'द सी इज हिस्टरी' असे नाव दिले, ते या अनोंदीत माणसांना उद्देशूनच होय. त्या समुद्रावर लिहिलेल्या कादंबरीत डोलकाठ्या किती आणि शिडे किती हे अवश्य मोजावे. पण ती मोजणी झाल्यावर तळघराचे झाकण उघडून पाहिल्याशिवाय त्या कादंबरीच्या वास्तवाविषयी निर्णय देऊ नये.